हार्डविक हॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डर्बीशरमधल्या हार्डविक हॉलबद्दल वाचकांकडून सतत प्रश्न येत असतात. काही नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींचे असतात. घरी पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं असतं, आणि नेल्यावर काय दाखवायचं हे कळत नसतं. काही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. हार्डविक हॉल नक्की काय आहे? किल्ला, राजवाडा की घर?

घर. चेस्टरफील्ड गावाच्या आग्नेयेला एका टेकडीच्या माथ्यावर ते उभं आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एम-वन महामार्गावरून जातानाही त्याचे मनोरे दिसतात. बांधकाम १५९० ते १५९७ या काळातलं, म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतलं. खंदक नाही, तट नाही, बाण मारायला झरोके नाहीत. मनोरे आहेत, पण संरक्षणाशी त्यांचा काही संबंध नाही. इतक्या काचा असलेलं घर कुणी लढायला बांधत नाही. इंग्लंडमध्ये देशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या इमारतींना ‘ग्रेड वन’ दर्जा मिळतो, तो या घराला आहे.

२. हे घर कुणी बांधलं?

बेस ऑफ हार्डविक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एलिझाबेथ, श्रूजबरीच्या काउंटेसने (काउंटेस म्हणजे ‘अर्ल’ पदवीच्या उमरावाची बायको). पैसा तिचा, हट्ट तिचा आणि हिशेबाच्या वह्यांवर नजरही तिचीच. याच टेकडीवरच्या एका बेताच्या जमीनदार कुटुंबात ती जन्मली. तिची चार लग्नं झाली. रॉबर्ट बार्लो, सर विल्यम कॅव्हेंडिश, सर विल्यम सेंट लो आणि शेवटी श्रूजबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅलबट. प्रत्येक लग्नागणिक तिची जमीन आणि पत वाढत गेली. मुलं मात्र सगळी कॅव्हेंडिशपासूनची.

चौथं लग्न पुढे फार कडवट झालं. नवरा-बायको वेगळे राहू लागले. माहेरची जमीन भावाच्या कर्जबाजारीपणामुळे हातची गेली होती, ती तिने १५८३ मध्ये विकत घेतली आणि ती हार्डविकला परतली. नोव्हेंबर १५९० मध्ये अर्ल वारला आणि विधवा म्हणून तिच्या वाट्याला मोठं उत्पन्न आलं. नव्या घराचा पाया मात्र त्याच्या मृत्यूच्या थोडा आधीच खणायला घेतला होता. ऑक्टोबर १५९७ मध्ये ती राहायला आली, तेव्हा ती सत्तरीच्या आसपास होती. फेब्रुवारी १६०८ मध्ये ती वारली, म्हणजे जेमतेम दहा वर्षं तिला हे घर लाभलं.

३. मग वास्तुकार कोण? तिने स्वतःच आराखडा काढला का?

आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो, आणि त्याबद्दल आज फारसा वाद नाही. त्याच्या घराण्याकडे असलेली रेखाटनं लंडनमध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांत हार्डविकच्या आराखड्याचं एक थोडं वेगळं रूप सापडतं. लाँगलीट आणि वॉलटन या दोन मोठ्या घरांवरही त्याने काम केलं होतं. तो मूळचा दगडाचं काम करणारा कारागीर. वॉलटनच्या चर्चमधल्या त्याच्या स्मृतिशिलेवर त्याचा उल्लेख ‘आर्किटेक्टर’ असा आहे. १६१४ साली इंग्लंडमध्ये ही पदवी फार थोड्यांच्या नावापुढे लागत असे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आजच्यासारखा वास्तुकार नेमला, त्याने सगळे नकाशे दिले आणि देखरेख केली, अशी पद्धत तेव्हा नव्हती. बेसच्या हिशेबांत स्मिथसनचं नाव जेमतेम येतं. रोजचं काम गवंडी, पाथरवट आणि गिलावेवाले करत होते आणि अडलं की मालकिणीला विचारत होते. म्हणून घराची कल्पना स्मिथसनची आणि घराचा स्वभाव बेसचा, असं मी म्हणेन.

४. दगड, काच, लाकूड कुठून आणलं?

बहुतेक सगळं तिच्याच मालकीचं. वालुकाश्म याच टेकडीच्या उतारावरच्या खाणीतून निघाला. छतावर घालायचं शिसं डर्बीशरच्या खाणींतलं, लाकूड तिच्या जंगलातलं, काच तिच्याच विंगफील्डच्या भट्टीतली. आतल्या शेकोट्यांच्या चौकटींना अॅलबास्टर हा मऊ, फिकट दगड आणि डर्बीशरचाच काळा चकचकीत चुनखडीचा दगड वापरला. वरच्या मजल्यांवरची जमीन लाकडी फळ्यांची नाही, ती जिप्समच्या गिलाव्याची आहे. डर्बीशरमध्ये जिप्सम मुबलक आणि चांगल्या ओकच्या फळ्या महाग, हे त्यामागचं साधं कारण.

कारागिरांची नावं हिशेबांमुळे आपल्याला कळतात. दगडकामाचा मोठा भाग जॉन ऱ्होड्सकडे होता. संगमरवरासारख्या दगडांचं कोरीवकाम टॉमस अॅक्रेसने केलं आणि गिलाव्यातलं उठावाचं काम अब्राहम स्मिथने. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांची नावं त्यांच्या मजुरीसकट उरणं दुर्मीळ आहे. माझ्या मते हार्डविकचं सर्वांत मोठं धन या वह्याच आहेत.

५. ‘हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल’ असं म्हणतात, ते खरं आहे का?

म्हणजे भिंतीपेक्षा काच जास्त. मोजपट्टी घेऊन कुणी सिद्ध केलेलं ते वाक्य नाही. पण पश्चिमेच्या दर्शनी बाजूसमोर उभं राहिलं की पटतं. भिंत म्हणून उरतात त्या खिडक्यांच्या मधल्या पट्ट्या आणि कोपरे.

त्या काळात काच महाग होती, आणि एवढी मोठी सलग तावदानं बनवता येत नव्हती. म्हणून प्रत्येक खिडकी उभ्या-आडव्या दगडी दांड्यांनी भागलेली आहे आणि प्रत्येक भागात काचेचे छोटे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून बसवलेले आहेत. हे तुकडे अगदी एका पातळीत नसतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक तुकडा उजेड थोडा वेगळ्या कोनात परतवतो, आणि मावळतीच्या वेळी सगळा दर्शनी भाग एकसारखा चमकण्याऐवजी लुकलुकतो. याचं छायाचित्र नीट येत नाही. त्यासाठी दुपार टळेपर्यंत थांबावं.

६. एवढी काच असून भिंती उभ्या कशा राहिल्या?

विद्यार्थ्यांकडून सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच.

नेहमीच्या दगडी घरात बाहेरच्या भिंती भार वाहतात, आणि शेकोट्या व धुराडीही बहुधा त्यांच्यातच असतात. बाहेरच्या भिंतीत धुराडं आलं की तेवढ्या जागी खिडकी घेता येत नाही. हार्डविकमध्ये धुराडी मुख्यतः आतल्या जाड भिंतींत घेतली आहेत. घराच्या लांबीने जाणारी आतली भिंत कण्यासारखी काम करते. मजल्यांच्या तुळयांचा मोठा भार ती पेलते आणि धूरही तिच्यातूनच वर जातो. त्यामुळे बाहेरच्या भिंती मोकळ्या झाल्या.

दुसरा आधार मनोऱ्यांचा. सहाही मनोरे मुख्य आयतातून बाहेर आलेले आहेत. भिंत अशी आत-बाहेर दुमडली की तिला आपोआप ताठपणा येतो. सरळसोट लांब भिंतीत इतकी भोकं पाडली असती, तर ती डगमगली असती. तिसरी गोष्ट, खिडक्यांमधले दगडी दांडे शोभेपुरते नाहीत, वरचा काही भार ते खाली आणतात.

तरी हे सगळं अंदाजाने आणि अनुभवाने केलेलं आहे, गणिताने नाही. संरचनेचं शास्त्र तेव्हा जन्माला यायचं होतं.

७. बाहेरून बघताना कशाकडे लक्ष द्यावं?

आधी मनोरे मोजा. आराखडा म्हणजे एक लांबट आयत. त्याच्या दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन आणि दोन्ही अरुंद टोकांना एक-एक मनोरा, असे एकूण सहा. ते छताच्याही वर आणखी एक मजला चढतात. आता घराभोवती चालत जा. कधी मनोरे एकमेकांमागे लपतात, कधी तिघांचा घोळका होतो, कधी सगळे सुटे दिसतात. आराखडा कागदावर अगदी साधा आहे, पण चालणाऱ्या माणसाला घर दर वीस पावलांवर वेगळं दिसतं. स्मिथसनची खरी प्रतिभा मला इथे दिसते. म्हणून गाडी लावून थेट दारात जाऊ नका.

मग मनोऱ्यांच्या माथ्यावर पाहा. दगडी कठड्यातल्या जाळीकामात ‘ई’ आणि ‘एस’ ही रोमन अक्षरं कोरली आहेत, वर काउंटेसचा मुकुट. एलिझाबेथ श्रूजबरी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती मैलभरावरून वाचता येतात. सोळाव्या शतकातल्या एका स्त्रीने स्वतःच्या नावाची अक्षरं नवऱ्याच्या किंवा राजाच्या चिन्हाखाली न लपवता घराच्या सर्वांत उंच जागी लावली, याचं मोल ओळखायला हवं.

तळाशी मनोऱ्यांच्या मधे खांबांची ओसरी आहे. मूळ विचार ती घराभोवती सगळीकडे फिरवण्याचा होता, प्रत्यक्षात ती दोन्ही लांब बाजूंनाच झाली. बाकी बाहेर सजावट जवळपास नाहीच. त्या काळच्या इतर बड्या घरांवर खांब, पुतळे, नक्षी यांची गर्दी असते. वॉलटन बघून हार्डविकला आलात, तर हा संयम पटकन जाणवेल.

८. खिडक्या वर जाताना उंच का होत जातात? आपल्याकडे तर तळमजला सर्वांत भारदस्त असतो.

कारण या घरात मान वरच्या दिशेने वाढतो. तळमजल्यावर नोकरचाकर, स्वयंपाकघर, कोठ्या आणि मुलांची खोली. पहिल्या मजल्यावर बेसच्या रोजच्या राहण्याच्या खोल्या. दुसऱ्या मजल्यावर राजेशाही दालनं, जी रोज वापरायची नव्हती. राणी आलीच, किंवा तिच्या तोलामोलाचं कुणी आलं, तर त्यांच्यासाठी ती राखलेली. खिडक्यांची उंची याच क्रमाने वाढते. म्हणजे अंगणात उभं राहूनच आत कुठे काय आहे आणि कोण किती मोठं, हे कळतं. हार्डविक समजून घ्यायची किल्ली मला हीच वाटते. बाकीचे बरेच प्रश्न (१०, ११ आणि १२) यातूनच सुटतात.

९. काही खिडक्या खोट्या आहेत असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. बाहेरून प्रत्येक बाजू काटेकोर समतोल राखते. डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे, त्याच उंचीवर. आतल्या खोल्या मात्र तशा नाहीत. एखादी खोली दोन मजले उंच आहे, तर तिच्याच शेजारी बुटक्या खोल्या एकावर एक आहेत. मग काही ठिकाणी बाहेर खिडकी दिसते आणि तिच्या मागे धुराडं किंवा भिंत असते. काही ठिकाणी बाहेरून एक दिसणारी उंच खिडकी आत दोन मजल्यांत विभागलेली आहे, तिच्या मधूनच जमीन गेलेली.

काहींना ही फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. दर्शनी भाग आणि आतली सोय, दोन्ही हवी असतील आणि दोन्ही जुळत नसतील, तर कुठेतरी तडजोड करावीच लागते. ती इथे फार हुशारीने केली आहे. बाहेरून ओळखायचं असेल, तर ज्या काचांमागे कायम गडद काळोख दिसतो, त्या खिडक्यांवर नजर ठेवा.

१०. घराला चौक का नाही? आणि मुख्य दार बरोबर मध्यभागी असण्यात विशेष ते काय?

चौसोपी वाडा डोळ्यांसमोर असलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. इंग्लंडमधलीही जुनी मोठी घरं चौकाभोवतीच बांधलेली असत. बाहेर जाड भिंत, उजेड आणि वारा आतल्या चौकातून. हार्डविकने तो चौक काढून टाकला. सगळं घर एका ठोकळ्यात गोळा केलं आणि तोंड बाहेरच्या दऱ्याखोऱ्यांकडे वळवलं. शांतता आणि पैसा असल्याशिवाय हे शक्य नव्हतं.

आता दाराबद्दल. जुन्या घरांत ‘हॉल’ नावाचं मोठं दालन घराच्या दर्शनी बाजूला समांतर असे आणि त्यात एका टोकाने शिरावं लागे. त्यामुळे मुख्य दार कधीच मध्यभागी यायचं नाही. दर्शनी भाग समतोल करायचा म्हटलं की हे दार आडवं येई. हार्डविकमध्ये हॉलच काटकोनात फिरवला. तो पुढच्या दारापासून मागच्या बाजूपर्यंत घराच्या आरपार जातो. दार मध्यभागी, हॉल मध्यभागी, दोन्ही बाजू सारख्या. आज हे इतकं सोपं वाटतं की त्याची दखलच घेतली जात नाही, पण इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत हे पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे झालं. हॉलचा दर्जाही यात उतरला. पूर्वी मालक तिथे जेवत असे, इथे तो नोकरांचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा झाला आणि मालकीण वर गेली.

११. जिना इतका लांबच लांब आणि विचित्र का आहे?

हा जिना मला घरातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. चौकोनी जिन्याघरात तो गुंडाळलेला नाही. दगडी पायऱ्या घराच्या पोटातून वळत, मधे मधे रुंद सपाटीवर थांबत, कधी काळोखातून तर कधी अचानक उजेडात येत वर जातात. पायऱ्या ठेंगण्या आणि रुंद आहेत. पायऱ्यांचा दगड मधोमध झिजून किंचित खोलगट झाला आहे.

याचा उपयोग काय, ते जेवणाच्या वेळी कळत असे. स्वयंपाकघर तळमजल्यावर घराच्या एका टोकाला, मेजवानीचं दालन सर्वांत वर आणि दुसऱ्या टोकाला. ताटं मिरवणुकीने, मानाच्या क्रमाने या जिन्यावरून वर जात. अन्न गरम राहत नसणार. पण इथे अन्नाच्या ऊबेपेक्षा थाटाला महत्त्व होतं, आणि सर्वांत वर पोचेपर्यंत पाहुण्याला आपण कुणाकडे आलो आहोत हे पुरतं उमगलेलं असे.

१२. हाय ग्रेट चेंबरमध्ये काय पाहावं?

दुसऱ्या मजल्यावरचं मेजवानीचं दालन ते हेच. घाई असेल तर बाकी सगळं सोडा, ही एक खोली नीट पाहा.

भिंतीच्या वरच्या भागात चारही बाजूंनी गिलाव्यात उठावाने साकारलेलं जंगल आहे. अब्राहम स्मिथ आणि त्याच्या साथीदारांचं काम. झाडांची दाटी, हरणं, शिकारी, आणि मधे शिकारीची कुमारी देवता डायना आपल्या सख्यांसह. डायना म्हणजे अविवाहित राणी एलिझाबेथची स्तुती, हे त्या काळच्या पाहुण्याला सांगावं लागत नसे. शेकोटीवर राणीचं राजचिन्ह आहेच. हे जंगल रंगवलेलं होतं. आज रंग विटून फिके करडे-हिरवे झाले आहेत. खिडकीजवळच्या कोपऱ्यात थांबून वर पाहिलं, की झाडांच्या पानापानावर हाताने केलेलं काम दिसतं.

त्याखाली युलिसिस या ग्रीक वीराच्या कथेची, ब्रसेल्समध्ये विणलेली टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्रवस्त्र आहे. ती बेसने १५८७ मध्ये, म्हणजे हे घर सुरू होण्याआधीच घेतली होती. तिची उंची आणि भिंतीची उंची इतकी जुळते की खोलीची मापं तिच्यावरूनच ठरली असावीत.

याच खोलीत एक लांब टेबल आहे, एगलंटाइन टेबल. वरच्या फळीवर लाकडाच्या रंगीत तुकड्यांची जडणकला. वाद्यं, पत्ते, सोंगट्यांचे पट, आणि मधे वाचून गाता येईल अशी स्वरलिपी. श्रूजबरीशी झालेल्या लग्नाच्या आणि त्याच सुमारास दोन्ही घरांतल्या मुलांच्या लागलेल्या लग्नांच्या निमित्ताने ते बनलं, असं मानतात. एगलंटाइन म्हणजे रानगुलाब, हार्डविक घराण्याच्या चिन्हातला. पायाखाली वेताच्या चटईसारखी लव्हाळ्याची विणलेली चटई आहे. तिचा सुक्या गवताचा वास खोलीभर असतो.

१३. लाँग गॅलरी कशासाठी होती? इतक्या लांब खोलीचं करायचं काय?

चालायचं. इंग्लंडमध्ये पावसाळा असा वेगळा नसतो, तो वर्षभर अधूनमधून येतच असतो, आणि थंडीही आलीच. घरातल्या घरात फेऱ्या मारायला ही जागा. शिवाय चालता चालता कुणाच्या कानावर न पडता बोलता येतं, आणि भिंतीवरच्या तसबिरींतून आपली नातीगोती पाहुण्यांना दाखवता येतात.

हार्डविकची गॅलरी पूर्वेच्या बाजूने घराची जवळजवळ सगळी लांबी व्यापते. सुमारे ५० मीटर लांब, सुमारे ८ मीटर उंच. सॉमरसेटमधल्या माँटक्यूटची गॅलरी याहून किंचित लांब आहे, पण ती उंचीने आणि भव्यतेने कमी. इथे भिंतींवर टॅपेस्ट्री आहे (प्रश्न १४) आणि तसबिरी थेट टॅपेस्ट्रीवरच टांगल्या आहेत. पहिल्यांदा पाहताना हे चमत्कारिक वाटतं. राणी एलिझाबेथची तसबीर नक्की शोधा. तिच्या पांढऱ्या घेरदार झग्यावर फुलं, पक्षी आणि समुद्रातले प्राणी भरतकामासारखे रंगवले आहेत. त्यासमोर मुलं सर्वांत जास्त वेळ रमतात.

१४. गिडियनच्या टॅपेस्ट्रीचा किस्सा काय आहे?

बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या या तेरा टॅपेस्ट्री. मुळात त्या राणीचा चान्सलर, म्हणजे बडा मंत्री, सर क्रिस्टोफर हॅटन याने स्वतःसाठी करवून घेतल्या होत्या. तो १५९१ मध्ये कर्ज मागे ठेवून वारला. १५९२ मध्ये लंडनला गेलेल्या बेसने त्याच्या वारसाकडून सगळा संच विकत घेतला. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह विणलेलं होतं. ते बदलण्याच्या खर्चापोटी तिने किमतीतून ५ पौंड कमी करून घेतले. मग हॅटनच्या चिन्हावर स्वतःचं चिन्ह रंगवलेले कापडाचे तुकडे शिवून टाकले. हॅटनच्या चिन्हात हरिणी होत्या आणि हार्डविकच्या चिन्हात नर हरणं, म्हणून हरिणींना शिंगं जोडली! नीट पाहिलं तर हे ठिगळकाम आजही कळतं.

या तेरांच्या जतनाचं काम चोवीस वर्षं चाललं आणि २०२३ मध्ये संपलं. एकेक टॅपेस्ट्री बेल्जियममध्ये धुवायची, मग आज हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या नॉरफोकमधल्या कार्यशाळेत टाके घालून बळकट करायची, असा क्रम. एकेकीला सुमारे दोन वर्षं लागली.

१५. काचेचं घर म्हणतात, मग आत इतका अंधार का असतो?

कापडं वाचवण्यासाठी. उजेडाने रेशीम आणि लोकरीचे रंग उडतात, धागे कुजतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात आणि उजेड मोजून आत घेतला जातो. निराशा होते, हे मान्य. ज्या उजेडासाठी घर बांधलं, तोच अडवावा लागतो. पण या घरात सोळाव्या-सतराव्या शतकातलं भरतकाम आणि टॅपेस्ट्री जेवढी आहे, तेवढी एका ठिकाणी फार थोड्या जागी उरली आहे. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं शांत उभं राहा, डोळे सरावतात. मोबाइलचा दिवा लावू नका.

१६. हिवाळ्यात हे घर थंडगार पडत नसेल?

पडायचंच. टेकडीचा माथा, चारी बाजूंनी वारा, एकेरी काच. टॅपेस्ट्री शोभेइतकीच उबेसाठीही होती. १६०१ मध्ये बेसने घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करून घेतली. त्यात तिच्या निजायच्या खोलीतल्या पडद्यांची, ब्लँकेटांची, दुलयांची जंत्री वाचली की ती थंडीशी कशी झुंजत होती ते दिसतं. तुम्हीही जाताना मे महिन्यातसुद्धा स्वेटर घ्या.

१७. इतक्या खिडक्यांवर तिला ‘विंडो टॅक्स’ किती भरावा लागला? खोट्या खिडक्या त्यासाठीच का?

दोन्हीचं उत्तर नाही. खिडक्यांवरचा कर इंग्लंडमध्ये १६९६ मध्ये आला आणि १८५१ मध्ये गेला. बेस त्याच्या कितीतरी आधी वारली होती. कर चुकवायला बुजवलेल्या खिडक्या इंग्लंडच्या गावोगावी दिसतात, पण हार्डविकच्या खोट्या खिडक्यांचं कारण वेगळं आहे (प्रश्न ९).

१८. स्कॉटलंडची राणी मेरी इथेच कैदेत होती ना? आणि एलिझाबेथ राणी इथे राहून गेली का?

मेरी बेसच्या नवऱ्याच्या पहाऱ्यात १५६९ ते १५८४ अशी दीर्घ काळ होती, त्यामुळे गोंधळ होतो. पण ८ फेब्रुवारी १५८७ ला तिचा शिरच्छेद झाला, आणि या घराचं काम १५९० मध्ये सुरू झालं. घरात तिच्या नावाची खोली दाखवतात, तिथे तिच्या चिन्हांचं लाकूडकाम आहे. ती स्वतः या छताखाली कधीच राहिली नाही.

एलिझाबेथ राणीही कधी आली नाही. दुसरा मजला सगळा तिच्यासाठी सजवून ठेवला होता, आणि तो वाट बघत राहिला. या थाटाला आणखी एक पदर होता. बेसची नात अरबेला स्टुअर्ट हिच्या अंगात ट्यूडर रक्त होतं, आणि निपुत्रिक एलिझाबेथनंतर तिचं नाव गादीसाठी घेतलं जाई. आजीने तिला स्वतःजवळच, डोळ्यांत तेल घालून वाढवलं. १६०३ मध्ये गादी मेरीचा मुलगा जेम्स याच्याकडे गेली. अरबेला पुढे टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत असताना १६१५ साली वारली.

१९. शेजारी पडकं घर आहे, ते काय? आगीत जळालं का?

आगीत नाही. तो हार्डविक ओल्ड हॉल, तोही बेसचाच. १५८७ च्या सुमारास तिने तो वाढवायला घेतला, तो पुरा व्हायच्या आतच शंभर पावलांवर नवं घर सुरू केलं. जुनं तुकड्या-तुकड्याने वाढलेलं, नवं एका दमात आखलेलं, आणि दोन्ही एकाच वेळी वापरात होती. पाहुण्यांचा आणि नोकरवर्गाचा लवाजमा जुन्यात राही. अठराव्या शतकात त्याचा बराच भाग पाडला गेला. छत नसलेल्या भिंतींवर शेकोट्यांच्या वरचं गिलाव्याचं काम अजून तग धरून आहे, त्यात दोन राक्षसांच्या मोठ्या आकृती आहेत. त्याची व्यवस्था इंग्लिश हेरिटेज ही दुसरी वारसा जपणारी संस्था बघते आणि नव्या घराची नॅशनल ट्रस्ट. तिकिटाबाबत म्हणूनच घोळ होतो, निघण्याआधी दोन्हींची वेळ आणि नियम पाहून घ्या.

२०. आत दिसतं ते सगळं बेसच्या वेळचं आहे का?

इमारत बरीचशी तिच्या वेळची, सामान मिसळ. बेसनंतर घर तिच्या कॅव्हेंडिश वंशजांकडे, म्हणजे पुढच्या डेव्हनशरच्या ड्यूकांकडे आलं. त्यांचं मुख्य ठाणं चॅट्सवर्थ. बेसने बांधलेलं चॅट्सवर्थ पहिल्या ड्यूकने १६८७ पासून जवळपास नव्याने बांधून काढलं. फॅशन बदलली की पैसा तिकडे खर्च होई आणि हार्डविक तसंच राही. दुर्लक्षामुळे ते वाचलं.

एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकला जुन्या वस्तूंचं वेड होतं. त्याने इतर घरांतून बरंच सामान इथे आणलं आणि हवं तसं मांडलं. गॅलरीतलं छत्र हे मुळात सतराव्या शतकाच्या अखेरच्या एका शाही पलंगाचा भाग आहे. त्यामुळे कोणती वस्तू १६०१ च्या यादीत आहे आणि कोणती नंतर आली, हे तिथल्या स्वयंसेवकांना जरूर विचारा.

नंतरच्या रहिवाशांत तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज होता. कॅव्हेंडिशांच्या मुलांचा तो शिक्षक. डिसेंबर १६७९ मध्ये तो इथेच वारला आणि जवळच्या ऑल्ट हकनलच्या चर्चमध्ये त्याचं दफन झालं. ते चर्च गाडीने काही मिनिटांवर आहे.

२१. मग कुटुंबाने हे घर सोडलं कसं?

दहावा ड्यूक १९५० मध्ये अचानक वारला आणि वारसाकर ८० टक्के लागला. त्या करापोटी हार्डविक सरकारकडे आणि तिथून १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेलं. नवव्या ड्यूकची विधवा एव्हलिन मात्र १९६० पर्यंत इथे राहिली. टॅपेस्ट्री आणि भरतकाम ती स्वतः सुई घेऊन दुरुस्त करत बसे. आज जे कापड शिल्लक आहे, त्यात तिच्या टाक्यांचा वाटा मोठा आहे आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो.

२२. हे आवडलं, तर आणखी कोणती घरं पाहावीत?

पहिलं नॉटिंगहॅमचं वॉलटन हॉल. स्मिथसनचंच, १५८० ते १५८८ मधलं, आता त्यात निसर्गविज्ञानाचं संग्रहालय आहे. त्याच्या डोक्यात हार्डविकच्या आधी काय चाललं होतं ते तिथे कळतं, म्हणून शक्य असेल तर आधी वॉलटन आणि मग हार्डविक असा क्रम ठेवा. दक्षिणेकडे जाणार असाल तर विल्टशरचं लाँगलीट आणि सॉमरसेटचं माँटक्यूट. स्टॅमफर्डजवळचं बर्ली हाउस राणीच्या मंत्र्याचं, विल्यम सेसिलचं. ते अजून चौकाभोवती बांधलेलं आहे. प्रश्न १० मधला फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर बर्लीला जा. चॅट्सवर्थ आणि हार्डविक एकाच दिवशी उरकण्याचा बेत बरेच जण करतात. तो टाळा, हार्डविकला सबंध दिवस द्या.